बेटी लावेट ऐकणारं कुणी आहे का इथे? (पट्टी उतरलेल्यांनी जरूर या)

मिरजेची_तार

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, फार तर पाककृतींच्या धाग्यावर एखादं "छान" टाकते. आज प्रश्न घेऊन आलेय, तोही अमेरिकन सोल संगीताबद्दल. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण प्रश्न त्याला चिकटलेला आहे. वय ५६. माहेर-सासर दोन्ही मिरज. विशारद झाले, मग एका शाळेत २७ वर्षं संगीत शिकवलं. तीन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा, पण आवाज जो बसला तो बसलाच. काळी चारच्या उंच पट्टीत गाणारी मी आता खालच्या पांढरी चारलासुद्धा तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, डगमगते. शिकवण्या चालू आहेत, पण गळ्याने नव्हे. पेटीवर बोटाने दाखवते आणि मुलींना म्हणते, असं म्हणा. तंबोरा दोन वर्षं गवसणीत आहे.

दिवाळीत भाचा पुण्याहून आला होता. जाताना माझ्या फोनमध्ये काहीबाही भरून गेला. परवा मेथी निवडता निवडता त्यातलं एक लावलं. एक बाई गातेय, मागे काही म्हणजे काही नाही. ना पेटी, ना ताल. मला वाटलं फोन बिघडला, वाद्यं ऐकूच येत नाहीत. मग कळलं की पहिलं गाणं तसंच आहे. दूध आटवल्यावर पातेल्याच्या बुडाशी खरवड राहते ना, तसा आवाज. खरपूस, चिकट, थोडा कडवट. श्वास कुठे घेतला ते ऐकू येतं, आणि ती ते लपवत नाही. आम्हाला आयुष्यभर श्वास चोरायला शिकवलं!

मेथी तशीच राहिली. दहा गाणी सलग ऐकली. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी, ही बेटी लावेट. २००५चा अल्बम, तेव्हा ती ५९ वर्षांची होती. कमबॅक अल्बम म्हणतात त्याला." एवढं सांगून त्याची मीटिंग सुरू झाली.

तर माझे प्रश्न. ही बाई परत आली म्हणजे मधे गेली कुठे होती? आवाज आधी गोड होता आणि वयाने असा झाला, की काही आजार? आणि तरुणपणचं तिचं काही मिळतं का, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून ऐकता येईल? दुसरा प्रश्न माझ्यासाठी फार महत्त्वाचा आहे. का ते सुज्ञांना कळलं असेलच.

बर्फातला_मावळा

ताई, नमस्कार. तुमचा धागा बघून ऑफिसमधलं काम बाजूला ठेवलंय. मी डेट्रॉइटशेजारी २२ वर्षं राहतो, मोटारींच्या सीटचे सांगाडे बनवणाऱ्या कंपनीत आहे. बेटी लावेट म्हणजे आमच्या गावची. जन्म १९४६चा, मिशिगन तळ्याच्या काठावरच्या मस्कीगनचा, पण वाढली डेट्रॉइटमध्ये.

पहिली गोष्ट, ती चर्चमधून आलेली नाही. सोल गाणारे बहुतेक सगळे चर्चमध्ये गळा तयार करून येतात. अरीथा फ्रँकलिनचे वडील तर इथलेच नावाजलेले पाद्री. लावेटच्या घरी मात्र बैठकीच्या खोलीत ज्यूकबॉक्स होता आणि आईवडील आल्यागेल्याला मक्याची दारू विकायचे. ज्यूकबॉक्समध्ये ब्लूज, कंट्री, सगळी सरमिसळ. पोर त्याच्यावर उभी राहून गायची. त्यामुळे तिच्या गाण्यात देवापुढे हात जोडल्याचा सूर कमी आणि समोरच्याची कॉलर धरल्याचा जास्त.

१९६२मध्ये, १६व्या वर्षी, पहिलीच तबकडी निघाली, 'माय मॅन'. अटलांटिकसारख्या मोठ्या कंपनीने ती देशभर वाटली आणि आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या) यादीत ती सातव्या क्रमांकापर्यंत गेली. १९६५मध्ये 'लेट मी डाउन इझी', विसाव्यापर्यंत. म्हणजे सुरुवात दणक्यात. आणि मग?

मग १९७२. अटलांटिकच्याच एका शाखेसाठी तिने अलाबामातल्या मसल शोल्सला जाऊन अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. दहा वर्षं गातेय आणि हा पहिला पूर्ण अल्बम. नाव ठरलं, सगळं ठरलं, आणि कंपनीने तो काढलाच नाही. डब्यात गेला. लग्नाचा हॉल ठरलेला, पत्रिका वाटलेल्या, आणि वरपक्षाने निरोप धाडावा, तसं. पुढे कंपनीच्या गोदामाला आग लागली तेव्हा टेपा जळाल्या असंच धरून चालले होते.

त्यानंतर ती "गेली" कुठेही नाही. जुन्या जॅझ गायक कॅब कॅलोवेबरोबर 'बबलिंग ब्राउन शुगर' नावाच्या संगीतिकेत गावोगाव फिरली. १९७८मध्ये एक डिस्को गाणं केलं. १९८२मध्ये मोटाउनने तिचा एक अल्बम काढला, म्हणजे पहिल्या तबकडीनंतर तब्बल २० वर्षांनी पहिला अल्बम बाजारात! आणि गंमत बघा, मोटाउन हे डेट्रॉइटचं लेबल, पण तोवर ते केव्हाच लॉस एंजेलिसला गेलेलं, आणि हिचा अल्बम झाला नॅशव्हिलला. तोही फारसा चालला नाही. बाकी सगळी वर्षं इथल्या लहान क्लबांत, बारमध्ये गाणं. रोजंदारी म्हणा ना.

१९९९-२०००च्या सुमारास जील पेतार नावाच्या एका फ्रेंच संग्राहकाने कंपनीच्या मागे लागून त्या १९७२च्या टेपा शोधून काढल्या आणि स्वतःच्या छोट्या लेबलवर 'सूव्हेनीर्स' नावाने प्रसिद्ध केल्या. २८ वर्षांनी! तिथून लोकांचे कान टवकारले. २००३मध्ये 'अ वुमन लाइक मी' आला, त्याला ब्लूजवाल्यांचं पुनरागमनाचं बक्षीसही मिळालं. मग २००५चा तुमच्या मेथीचा अल्बम.

तेव्हा परत ती आली नाही, रेकॉर्ड कंपन्या आल्या.

हिंगाष्टक

नाव बेटी, वय आजीचं. (माफ करा, राहवलं नाही.)

तिरपागडा

मावळेकाका, माहिती एक नंबर. पण मी जरा खडा टाकतो.

हा अल्बम ज्या निर्माता जो हेन्रीने केला त्यानेच २००२मध्ये सॉलोमन बर्कचा 'डोन्ट गिव्ह अप ऑन मी' केला होता. तोही साठीचा सोल गायक, तोही विस्मरणात गेलेला. चार दिवसांत, सगळे वादक एका खोलीत बसवून रेकॉर्डिंग. बॉब डिलन, टॉम वेट्स, व्हॅन मॉरिसन असल्या बड्या मंडळींकडून गाणी आणलेली. ग्रॅमी मिळालं. मग तीच रेसिपी लावेटला. फरक एवढाच की इथे दहाही गाणी स्त्रियांनी लिहिलेली. शिनेड ओ'कॉनर, डॉली पार्टन, लुसिंडा विल्यम्स, जोन आर्मट्रेडिंग, फिओना ॲपल वगैरे. पुढे सोल गाणाऱ्या मेव्हिस स्टेपल्सला विल्को बँडचा जेफ ट्वीडी भेटला, बॉबी वोमॅकला ब्लर बँडचा डेमन अल्बार्न. या सगळ्याचं मूळ म्हणजे निर्माता रिक रुबिन आणि कंट्री गायक जॉनी कॅश, १९९४.

पॅटर्न दिसतोय का? म्हातारा गायक, तरुण गोरा निर्माता, वाद्यं कमी, आवाज माइकच्या अगदी जवळ, आणि गाणी अशी निवडायची की रॉक ऐकणाऱ्या चाळिशीतल्या पुरुषाने सीडी घ्यावी. मी त्यातलाच, म्हणून सांगतो. सुरकुत्यांवर प्रकाश पाडून काढलेला फोटो आहे हा. आवाजातली खरखर विकली जाते. १९६५ला हीच खरखर विकत घ्यायला कुणी नव्हतं.

अल्बम वाईट आहे असं नाही म्हणत. पण "कमबॅक" ही दुकानाची पाटी आहे.

मिरजेची_तार

मावळेभाऊ, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. त्या टेपांचं वाचून पोटात कालवलं. आमच्या गुरूंच्या मैफलींच्या स्पूल टेपा एका पावसाळ्यात बुरशी येऊन गेल्या. तिथे शोधायला फ्रान्सहून कुणी येणार नव्हतं.

तिरपागडा, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण मला एक सांगा, खरखर विकली म्हणून ती खोटी होते का? लावणीच्या बैठकीत बाई एकच ओळ आठ वेळा म्हणते, दर वेळी डोळ्यांनी वेगळा अर्थ दाखवते. समोरचा पैसे टाकतो. म्हणून अदा खोटी?

आणि हो, काल 'जॉय' हे गाणं तीनदा ऐकलं. भाच्याने मूळ गाणंही पाठवलं, लुसिंडा विल्यम्सचं. मूळात ती आपला आनंद शोधायला वेस्ट मेम्फिसला आणि स्लायडेलला जाते. लावेटबाईंनी तिथे स्वतःच्या आयुष्यातली गावं घातली आहेत, डेट्रॉइट वगैरे. मावळेभाऊंची गोष्ट वाचून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. गाणं दुसरीचं, पण हिशेब हिचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून कुणी दिलं नाही. आवाज आधी कसा होता?

बर्फातला_मावळा

ताई, ते मी मुद्दाम सांगितलं नाही. १९६५चं 'लेट मी डाउन इझी' ऐका. इंटरनेटवर सहज मिळतं. मग बोलू.

(तिरपागडा, दुकानाची पाटी हे मान्य. पण पाटीमुळे दुकानात गर्दी झाली आणि बाईला ६०व्या वर्षी बऱ्यापैकी पैसे मिळाले, तर मला त्या पाटीबद्दल काही तक्रार नाही.)

मिरजेची_तार

ऐकलं. दोन दिवस इथे काही लिहावंसं वाटलं नाही.

खरं सांगते, मनात एक आशा होती. वाटलं होतं, १९ वर्षांची लावेट म्हणजे गोड, घोळदार, लताबाईंच्या जवळ जाणारा गळा असेल. मग वय, सिगारेट, दुःख, काहीतरी होऊन तो फुटला असेल, आणि त्या फुटलेल्या गळ्यातून तिने हे बांधलं असेल. म्हणजे मलाही काही तरी...

तसं काहीच नाही. व्हायोलिनं टिचक्या मारल्यासारखी वाजताहेत, मागे टँगोसारखी चाल, आणि त्यावर ती १९ वर्षांची पोरगी खरखरीत आवाजातच गातेय. पहिल्यापासून तसाच! खरवड तेव्हाच होती. वयाने दिलेली नाही. ऑपरेशनने तर नाहीच नाही.

रागच आला. भाच्याचा, मावळेभाऊंचा, बाईचा. मग संध्याकाळी दोन्ही एकापाठोपाठ लावली, १९६५ची आणि २००५ची, जशी आम्ही एकाच रागाची दोन ध्वनिमुद्रणं लावायचो. तेव्हा लक्षात आलं ते लिहिते. चुकत असेन तर सांगा.

१९ची लावेट प्रत्येक ओळ शेवटपर्यंत रेटते. वाद्यं एवढी दाटीवाटीने आहेत की तिला त्यांच्या वर जायलाच लागतं. ओरडावंच लागतं. ५९ची लावेट ओळ अर्ध्यात सोडते. शब्दाचा शेवट खाली पडू देते आणि उचलायला जात नाही. ठेक्याच्या किंचित मागे बोलते, गिऱ्हाइकाला वाट बघायला लावणाऱ्या जुन्या सराफासारखी. अल्बममधल्या 'लिटल स्पॅरो' गाण्यात तर एक-दोन ठिकाणी ती गात नाहीच, सांगते. आवाज तोच आहे हो. घाई गेली.

गंधार_कोमल

ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे असं मला वाटतं. मी ठाण्यात सुगम संगीत शिकवते, ४८ वय, आणि माझीही पट्टी दीड सुराने उतरली आहे. ऑपरेशन नाही, रजोनिवृत्ती. याबद्दल बायका बोलत नाहीत. गायकांच्या मुलाखतीत "आवाज परिपक्व झाला" म्हणतात, पण खाली उतरला म्हणत नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट. लावेट गाणी लिहीत नाही. ती स्वतःला गाण्याचा अर्थ लावणारी म्हणवते. म्हणजे आपल्याच जातीची! बंदिश दुसऱ्याची, मांडणी आपली. अशा माणसाला आवाज बदलला की रचनाही बदलून घेता येते. तुम्ही मात्र काळी चारमध्ये बसवलेले ख्याल तसेच पांढरी चारमध्ये आणून गाताय. ते कसे बसतील? तार षड्जाचा हट्ट सोडा. मंद्रात फिरणाऱ्या चीजा काढा. मी मारवा आणि पूरिया पुन्हा गायला लागले. तरुणपणी कंटाळा यायचा मला त्यांचा, आता घर वाटतं. गंगूबाई हनगलांचा आवाजही गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच खाली गेला होता, आणि पुढची कित्येक वर्षं लोक त्याच आवाजाला बाहेरगावाहून यायचे, हे तुमच्या मिरज-हुबळी पट्ट्यात मी सांगायला नको.

आणि डॉक्टरांना एकदा स्वरतंतू दाखवून घ्या. थायरॉइडनंतर कधी कधी मज्जातंतूला धक्का लागलेला असतो. व्यायामाने पुष्कळ सुधारतं. मांडणी वगैरे नंतर, आधी ते.

बर्फातला_मावळा

गंधारताईंनी मुद्द्याचं लिहिलं. मी फक्त एक भर घालतो. तरुणपणी लावेटला जिम लुइस नावाचे मॅनेजर होते, स्वतः जुन्या जमान्यातले ट्रॉम्बोन वाजवणारे. त्यांनी तिच्या मागे लागून ढीगभर गाणी शिकायला लावली, तिला न आवडणारीसुद्धा. तिने हे पुष्कळदा सांगितलंय. त्यांचं म्हणणं असं की तू कदाचित स्टार होणार नाहीस, पण गाणी येत असली तर उपाशीही मरणार नाहीस. त्या चाळीस वर्षांत बारमधल्या गिऱ्हाइकांपुढे तिने जे काही गायलं तो तुमच्या अल्बमचा रियाज.

पुढचं काय ऐकायचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. २००७चा 'द सीन ऑफ द क्राइम', म्हणजे गुन्ह्याची जागा. ती पुन्हा मसल शोल्सला गेली, जिथे १९७२मध्ये तिचा अल्बम झाला होता त्याच गावात. सोबत ड्राइव्ह-बाय ट्रकर्स नावाचा रॉक बँड. त्यातल्या पॅटरसन हुडचे वडील डेव्हिड हुड हे तिथले जुने बेस वाजवणारे, तेही या अल्बममध्ये आहेत. त्यातलं एल्टन जॉनचं 'टॉकिंग ओल्ड सोल्जर्स' एकट्याने ऐका. बारमध्ये बसलेल्या म्हाताऱ्याचं गाणं आहे, एल्टनने ते १९७०मध्ये तेविशीत गायलं होतं. ही गाते तेव्हा खुर्ची सरकल्याचा भास होतो.

आणि डिसेंबर २००८च्या केनेडी सेंटरच्या सोहळ्याचा व्हिडिओ. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या दोघांचा सत्कार होता, त्यांचंच १९७३चं 'लव्ह, रेन ओ'र मी' हिने त्यांच्यासमोर गायलं. मूळ गाण्यात रॉजर डाल्ट्री आभाळ फाटेल असा ओरडतो. ही जवळजवळ कुजबुजत सुरू करते. बाल्कनीत बसलेल्या पीट टाउनशेंडचा चेहरा बघा. ज्याने गाणं लिहिलं त्यालाच ते नव्याने कळतंय.

तिरपागडा

तो व्हिडिओ आत्ता पुन्हा पाहिला. ठीक आहे, पाटीवाली टिप्पणी अर्धी मागे घेतो. अर्धी राहू द्या, सवय आहे.

हिंगाष्टक

ताई, मेथीचं काय झालं शेवटी?

मिरजेची_तार

मेथी पिवळी पडली, म्हशीला घातली.

गंधारताई, सांगलीच्या कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. तुम्ही सांगेपर्यंत ते सुचलंच नव्हतं. मी आपली नशिबाला दोष देत बसले होते.

आणि काल तंबोरा गवसणीतून काढला. काळी चारच्या तारा पांढरी चारवर उतरवल्या की ढिल्या पडतात, भणभणतात, म्हणून सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने तारेवर बोट मारलं आणि म्हणाला, "बाई, या तारा या सुराच्या नाहीत. जाड घालाव्या लागतील. आणि जवारी (तारेचा नाद खुलवणारी घोडीची घडण) पण नव्याने काढायला पाहिजे, घोडी पार घासली आहे." मी विचारलं, जुनी जवारी परत तशीच येईल का? तो म्हणाला, "तशी कशाला? या सुराला लागेल तशी काढतो की."

शनिवारी या म्हणाला. शनिवारी त्याच्याकडे नेहमी गर्दी असते, तेव्हा रविवारी जाईन. भाच्याला सांगून 'टॉकिंग ओल्ड सोल्जर्स' फोनमध्ये भरून घेतलंय, पण ते अजून लावलेलं नाही.